क्लॅरिनेट सावलीत, मास्तर उन्हात

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. काळ्या लाकडाची, चकचकीत कळांची, आणि या वयातही अंगावर एकही चीर नसलेली. ही फुकाची फुशारकी नव्हे. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझे लाकूड वर्षानुवर्षे वाळवले आणि मगच कातायला घेतले. पुढे मी मास्तरांच्या हाती आले. मास्तर वाद्ये दुरुस्त करत आणि वाजवायला शिकवत.

उन्हाने लाकूड तडकते, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. म्हणून त्यांनी दुकान थाटले ते तळघरात. तिथल्या एकुलत्या एक खिडकीलाही जाड पडदा लावला. सकाळी ते खाली उतरत आणि दिवस मावळल्यावर वर येत. माझी तकाकी पाहून लोक वाहवा करत. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

वाजवताना मास्तरांचे वरचे पुढचे दात माझ्यावर टेकतात. त्यामुळे त्यांच्या तोंडातली बातमी आधी मला कळते. एके दिवशी मला रक्त लागले. पुढे ते दात हलू लागले आणि माझा सूर थरथरला. मास्तरांनी काय करावे? हिरड्यांतून रक्त येते म्हणून दात घासणेच सोडले. रोगापेक्षा इलाज भयंकर! "हे दात गेले की माझं वाजवणं संपलं," ते लेकीला म्हणाले. मला फार भीती वाटली.

लेकीने त्यांना दातांच्या डॉक्टरबाईंकडे ओढतच नेले. मीही पेटीतून गेले. बाईंनी साचलेले कीटण काढले, हलक्या हाताने घासायला शिकवले. तरी हिरड्या मनासारख्या भरेनात, तेव्हा त्यांनी रक्त तपासून घेतले. ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

"हा आजार जंतूंचा आहे, त्यामुळे सफाई हवीच," बाई म्हणाल्या. "पण जंतूंशी झुंजायला शरीराला ड जीवनसत्त्व लागतं. दात धरून ठेवणाऱ्या हाडालाही लागतं. उन्हात कधी जाता?"

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हिला ऊन सोसत नाही."

"मग हिला ठेवा की सावलीत. तुम्ही कशाला बसलाय?"

लेक हसली. "बाबा, लाकूड चिरलं तर तुम्ही सांधता. दात कोण सांधणार?"

बाईंनी मोजक्या गोळ्या दिल्या आणि आपल्या मनाने वाढवू नका, असे बजावले. मास्तर दात घासू लागले, बाईंकडे सफाईला जाऊ लागले, सकाळी पायरीवर उन्हात बसू लागले. दात सावरेपर्यंत वाजवणे बंद होते; रोज त्यांची वाट पाहणे मला जड गेले. पण काही महिन्यांनी त्यांनी मला पुन्हा ओठांशी धरले. दात घट्ट टेकले आणि सूर सरळ निघाला. तळघरातली सगळी वाद्ये ऐकत राहिली असतील, असे मला वाटले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा. पण आमच्यापायी स्वतःला कोंडून घेऊ नका. माझ्यासारखी दुसरी क्लॅरिनेट दुकानात मिळेल. माझ्यात फुंकायला मास्तरांचा श्वास कुठल्या दुकानातून आणाल?