न सांगितलेलं इंजेक्शन

वेसाव्याच्या मासळीबाजारात अंजनाबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. घासाघीस करायला आलेली गिऱ्हाइकं तिचं एक वाक्य ऐकूनच पिशवी पुढे करत. पण त्या दिवशी मुलुंडच्या इस्पितळात ही बाई मिठाची गुळणी धरून बसली होती.

शेजारी चाकांच्या खुर्चीत तिचा मुलगा, चंदर. पाच वर्षांपूर्वी तो बोटीच्या बर्फाच्या खणात पाठीवर पडला आणि कमरेखालचा देह त्याला परका झाला. आता इथे दुखावलेल्या मज्जारज्जूत नव्या पेशी सोडण्याचा प्रयोग सुरू होणार होता. बाराच जण घ्यायचे होते आणि चंदरच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या. खात्री कुणीच देत नव्हतं, तरी पठ्ठ्या सकाळी दाढी करून तयार!

डॉक्टर गंधालीने शेवटचा प्रश्न विचारला. "याआधी कुठे पेशींचं इंजेक्शन घेतलंय?"

"नाय," चंदर म्हणाला. बिचारा खरंच सांगत होता.

खोटं होतं ते अंजनाबाईच्या पोटात. तीन वर्षांपूर्वी चंदरने हात जोडले होते, "आये, आता मना कुठं नेऊ नको. आस लावाची ताकद नाय माज्यात." पण आईच ती, ऐकते कसली! पाठीवरच्या जखमेचं औषध आहे असं सांगून ती त्याला गोरेगावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली आणि पाठीच्या कण्यात पेशींचं इंजेक्शन देववलं. तिथल्या डॉक्टरनेही चंदरला काही सांगितलं नाही. गुण काडीचा आला नाही, आणि अंजनाबाई त्याबद्दल जी गप्प झाली ती झालीच.

"विचारते अशासाठी," गंधाली म्हणाली, "की आधीचं काही आत असेल तर गाठ वाढायची भीती असते. आहे तेवढंही हातचं जाईल. अशा पेशंटना आम्ही घेत नाही."

गप्प राहिली तर पोराच्या जिवाशी खेळ, बोलली तर दार बंद. आणि ते तिनेच लावलेलं. अंजनाबाईला स्वतःचा असा संताप आला की कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"घेतलंय," ती म्हणाली. "मीच देवविलं. त्याला ठावं नाय."

गंधालीने दोनदा तारीख विचारली, मग हळूच फाईल मिटली.

अंजनाबाई चंदरच्या शिव्यांची वाट बघत होती; त्या तिला चालल्या असत्या.

"म्हनून रोज सकाली माजे पाय चोलताना अंगठ्याकडं बगायचीस," तो म्हणाला. "तीन वरसां एकलीच आस लावून बसलीस, आये?"