बाई, आज

“त्या बटनावरचं कुंकू पुसू नगं हां, सुहास,” मुक्ताबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “खंडेनवमीचं हाय.”

सुहासने काढलेलं फडकं पुन्हा पिशवीत टाकलं. कीबोर्डच्या बटणांवर हळदकुंकू वाळून गेलं होतं आणि मॉनिटरच्या माथ्यावरचं झेंडूचं फूल काळं पडलं होतं. केशवअण्णांना जाऊन सतरा दिवस झाले होते. कुरवंडे गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आता कोणी राहत नव्हतं. अण्णांच्या मुलाने, रुचिरने, बेंगळुरूहून फोन करून सुहासला सांगितलं होतं की बाबांच्या कॉम्प्युटरमधले फोटो आणि कागद काढून ठेव, मशीन एखाद्या शाळेला देऊन टाक. किल्ली मुक्ताबाईंकडे होती. आठ वर्षं त्या अण्णांकडे झाडलोट आणि स्वयंपाक करत होत्या.

सुहासचं लोणावळ्याच्या बाजारात एका जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला दोन खोडी होत्या. एक म्हणजे गिऱ्हाईक जरा ऐकणारं दिसलं की त्याच्या गळ्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मारायचं. दुसरी म्हणजे कुठलंही मशीन पासवर्डचं लॉक लावल्याशिवाय परत द्यायचं नाही. “जमलं तर तू तुळशीलासुद्धा पासवर्ड लावशील,” असं त्याची बायको अपूर्वा म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अण्णा म्हणजे त्याचं लाडकं गिऱ्हाईक. तळेगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढलेला माणूस. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तेव्हापासून पाटीवर लिहून बोलायचे. पण सकाळी मुक्ताबाई यायच्या तेव्हा अण्णा फिरायला गेलेले असत. घरात मोबाईलला रेंज नाही, गच्चीवर जावं लागे. पाटी ठेवली तर वाऱ्याने नाहीतर मांजराने पडे. मग सुहासनेच डोकं चालवलं. अण्णांनी एका फाईलमध्ये निरोप लिहायचा आणि ती तशीच उघडी ठेवून बाहेर पडायचं. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की स्क्रीनसेव्हर सुरू होईल, आणि काळ्या पडद्यावर तो निरोप मोठ्या हिरव्या अक्षरांत एकेक अक्षर करून पुन्हा पुन्हा उमटत राहील. मराठी नीट उमटावं म्हणून सुहास दोन संध्याकाळी तिथे खपला. तरी जोडाक्षरं फुटायचीच. शेवटी अण्णांनी जोडाक्षरं लिहिणंच सोडून दिलं, आणि मुक्ताबाईंच्या नुसत्या ‘बाई’ झाल्या.

बाई, दूध नको. बाई, भेंडी चिरून ठेवा. बाई, काल मीठ फार होतं. चौथी शिकलेल्या मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून ते मोठ्याने वाचत आणि शेवटच्यावर पडद्यालाच उलटून बोलत.

सुहासने मशीन सुरू केलं. त्यानेच बसवलेलं असल्यामुळे त्याचं स्वतःचं खातं त्यात होतं. अण्णांचा पासवर्ड बदलायला त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“त्यात त्या दिवसाचं लिवलेलं आसंल का रं?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“कुठल्या दिवसाचं, मावशी?”

त्या आत येऊन भिंतीला टेकून खाली बसल्या. “नवमीच्या. मी साडेआठला आले. हातात ताट व्हतं पूजेचं. पडद्यावर अक्षरं चालल्याली बगितली, म्हनलं अण्णा फिराया गेल्यात. नेहमी तसंच आसायचं ना. आदी पूजा करावी, मंग वाचावं. म्हनून वल्या फडक्यानं बटनं पुसली, तर समदं गेलं. पासवर्ड मागाय लागलं. मी वाईच थांबले. परत काय आलंच न्हाई. घरी निवद व्हायचा व्हता. फूल ठिवलं आन् गेले.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मला निस्तं ‘बाई, आज’ एवढंच दिसलं व्हतं. सतरा दिस झालं, डोळा मिटला की त्येच दिसतंय. बाई, आज. बाई, आज. फुडं काय व्हतं?”

अण्णा फिरायला गेलेच नव्हते. आतल्या खोलीत, बंद दाराआड पडून होते. संध्याकाळी शेजारच्या निलेशला सापडले. डॉक्टरांच्या मते जीव दहा-अकराच्या सुमाराला गेला असावा. अंगणात गर्दी झाली आणि कोणीतरी कॉम्प्युटरचा प्लग ओढून टाकला.

“बघतो,” सुहास म्हणाला. “तुम्ही जरा चहा टाका.”

मुक्ताबाई बाहेरच्या ओट्याशी गेल्या. सुहासने फाईल उघडली. ती शेवटची बदलली होती नवमीला, सकाळी सात बावन्नला.

बाई, आज फिरायला गेलो नाही. छातीत दुखतंय. आत पडून आहे. निलेशला बोलवा.

साडेआठ ते दहा! निलेशकडे जीप होती. दवाखाना पाऊण तासावरसुद्धा नव्हता. बाहेर स्टोव्हवर आधण ठेवल्याचा आवाज आला आणि त्याने घाईघाईने ते शब्द खोडले. ‘बाई, आज’ एवढं ठेवून पुढे लिहिलं, भाजी आणू नका.

किती सोपं होतं. बाई एक घटकाभर रडतील आणि आज रात्री झोपतील. पण पडद्यावरची ती ओळ अण्णांचीच वाटायला लागली. तसाच रोखठोक सूर, एकही जोडाक्षर नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडात आपण भाजी कोंबली, असं वाटून सुहासला शिसारी आली.

आणि मग त्याला दुसरं दिसलं. लॉक नसतं, तर बाईंनी बटणं पुसल्यावर हिरवी अक्षरं गेली असती एवढंच. मागे फाईल उघडीच होती. तीच ओळ पांढऱ्या पानावर त्यांच्या नाकासमोर राहिली असती. “लॉक नको. इथं लपवण्यासारखं काय आहे?” असं अण्णांनी पाटीवर लिहिलं होतं. “असू द्या अण्णा, चांगलं असतं,” म्हणून सुहासने लॉकच्या चौकटीत टिचकी मारली होती. हसत हसत.

त्याने खोडलेलं सगळं परत आणलं.

“मावशी, या.”

त्या आल्या. पडद्यावर बोट फिरवत, शाळेत वाचतात तसं त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘निलेशला बोलवा’पाशी बोट थांबलं. चहा उतू जाऊन स्टोव्ह फसफसला.

“मला वाटलंच व्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी पुसलं. माज्या हातानं गेलं.”

“तुमच्या नाही, माझ्या.” सुहास म्हणाला. “हे कुलूप मी लावलं होतं, मावशी. अण्णा नको म्हणत होते. ते नसतं तर तुम्ही कितीही पुसलं असतं तरी हे दिसलंच असतं. तुम्हाला थांबायचीसुद्धा गरज पडली नसती.”

मुक्ताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या ओरडतील, निदान रडतील तरी, असं त्याला वाटलं. ते त्याला बरं वाटलं असतं.

“अण्णा नको म्हनलं व्हतं?”

“हो.”

“मंग आता तरी काड.”

त्याने सेटिंग उघडलं आणि लॉकवरची खूण काढली. दहा मिनिटांच्या जागी एक मिनिट केलं. मग माऊसवरचा हात उचलून तो मागे सरकला. खिडकीबाहेर पिकलेलं भात होतं आणि धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं.

पडदा काळा झाला. हिरवी अक्षरं एकामागून एक यायला लागली, अण्णा समोर बसून सावकाश टाईप करत असावेत तशी. बाई, आज. अक्षरं थांबली नाहीत. पार शेवटच्या ‘बोलवा’पर्यंत आली.

मुक्ताबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला आणि अनवाणीच अंगणात गेल्या. सुहास त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेला.

“निलेशऽऽ,” त्यांनी कुंपणापलीकडे हाक मारली. “ये रं लवकर. अण्णांनी बोलीवलंय.”

निलेश पलीकडे जीप धूत होता. त्याने हातातला पाईप टाकला आणि काही न विचारता कुंपण ओलांडून धावत आला. त्याला यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.