सरबतात गेलेला बर्फ

धोंडीरामनं बर्फ चोरला तो काही विकायला नव्हे. १९७९चा एप्रिल, सोलापूरचं ऊन, दुपारी दोनला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बसलं की टाळू तापायची. लादी आली होती तपासणीच्या नळ्यांसाठी. माणूसच तो, फोडली, लिंबाच्या सरबतात घातली, चौघांनी मिळून प्यायलं आणि ढेकर दिले.

आता या नळ्यांचं सांगायला हवं. अंगात साखर वाढली की ती रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबडी पेशी जगते तोवर, म्हणजे तीन-चार महिने, सुटत नाही. काचेच्या नळीत रेझिनचे बारीक मणी भरायचे, पेशी फोडून ते रक्त वरून सोडायचं, साखर चिकटलेला भाग आधी खाली उतरतो, तो मोजायचा. मोठ्या डॉक्टरांनी ही पद्धत मुंबईहून शिकून आणली होती आणि दहादा बजावलं होतं, नळी बावीस अंशांवर ठेवा, ऊब लागली की नको तेही खाली उतरतं आणि आकडा फुगतो. धोंडीरामला हे तोंडपाठ. तरी बर्फ संपल्यावर त्यानं नळी तशीच चालवली. म्हणे, एवढ्यानं काय होतंय.

ते रक्त होतं मैंदर्गीच्या मधुमेही काशम्माचं. आकडा आला बारा.

"तीन महिने चोरून गोड खाताय तुम्ही," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. "तुम्ही लपवाल, रक्त लपवत नाही."

म्हातारीनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "लिंगावर हात ठिवून सांगते, गुळाचा खडा जिभंला लावला न्हाय."

लिंगावरची शपथ, पण सून ईरम्मासुद्धा सासूकडं बघेना. सगळ्यांचा विश्वास कागदावर, आणि तो कागद आणून देणारा धोंडीराम दारातच उभा. तोंड उघडलं तर नोकरीवर येईल म्हणून गप्प राहिला. भेकड कुठला.

पाच दिवस त्याला घास गोड लागला नाही. सहाव्या दिवशी सकाळी लवकर येऊन त्यानं फ्रिजमधली काशम्माच्या रक्ताची बाटली काढली, नळीभोवती बर्फाचं पाणी ठेवलं, थर्मामीटरवरून नजर हलवली नाही. आकडा आला आठ. पथ्य पाळणाऱ्याचा आकडा. तो डॉक्टरांपुढं गेला, सगळं कबूल केलं, मनसोक्त शिव्या खाल्ल्या आणि दुपारच्या एसटीनं मैंदर्गी गाठली.

काशम्मा ओसरीवर जोंधळे निवडत होती, ईरम्मा शेजारीच.

"अम्मा, चूक माजी हाय," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "नळीचा बर्फ आमी सरबतात घातला. म्हणून आकडा वाढला. तुमी खरंच बोलला हुता."

म्हातारीनं जोंधळ्यातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ईरम्मा, पाव्हण्याला गूळ-पाणी दे की."

ईरम्माचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. इस्पितळातून आल्यापासून गुळाच्या डब्याला कुलूप होतं. तिनं किल्ली सोडून सासूपुढं ठेवली. "तुमीच काढा, अत्ती."

काशम्मा आत गेली, स्वतः खडा फोडून आणला आणि धोंडीरामच्या तळहातावर ठेवला. मग तांब्यातलं पाणी ओतून तिनं गुळानं चिकट झालेली बोटं चोळचोळून धुतली आणि दोघांपुढं धरली.

"बगा," ती म्हणाली. "चाटली न्हाईत."