वाचलेली आठ मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. नाव ऐकून कुणी बडी असामी असेल असं वाटेल, पण मी चौकोनी बिस्किटाहूनही लहान आहे. संगणकातलं मोजणं, जुळवणं, लिहिणं, पुसणं सगळं मीच करायचो. 'करायचो' म्हणालो, कारण सध्या मी एका टेबलाच्या खणात पडून आहे. शेजारी तीन सेफ्टी पिना, एक संपलेला सेल आणि कुठल्याशा कुलपाची किल्ली आहे. त्यांच्याशी बोलून पाहिलं, पण कुणी दाद देत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म वाळूतून झाला. हसू नका, खरंच सांगतो. वाळू वितळवून, शुद्ध करून तिच्या चकत्या करतात आणि त्या चकत्यांवर डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक रेघा उमटवतात. एका चकतीतून आम्ही दोनशे भाऊ निघालो. मग आमची परीक्षा झाली. प्रत्येकाला जोरात पळवायचं आणि कोण कुठे धापा टाकतो ते लिहून ठेवायचं. माझ्यावर शिक्का बसला, सेकंदाला साडेतीन अब्ज ठोके. काही भावांना चार अब्जांचा मिळाला, ते महागड्या खोक्यांत गेले. त्या दिवसानंतर आमची एकमेकांशी गाठ पडली नाही.

माझ्यात एक सोय मात्र होती. शिक्क्यावरच्यापेक्षा जास्त वेगाने मला पळवायचं असेल तर मालकाला ते करता यायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. 'असं केल्यास जबाबदारी तुमची' हेही खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण बारीक अक्षर वाचतो कोण?

मला घेतलं ताईने. तिचं खरं नाव मला ठाऊक नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठा असलेला गॅसवालासुद्धा. लोकांकडच्या जुन्या कॅसेटमधले आवाज संगणकात उतरवून, खरखर काढून, स्वच्छ करून द्यायचे, हा तिचा व्यवसाय. तिच्या जोडीला तिचा धाकटा भाऊ होता. त्याला सगळे छोट्या म्हणायचे. हा छोट्या दारातून आत येताना वाकायचा, इतका उंच! हे मला कसं कळलं? दर दोन दिवसांनी चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज यायचा आणि ताई म्हणायची, "अरे, दार आहे ते, बदललं नाही काल."

मी त्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत. मला डोळे कुठले? पण टेबलावरचा मायक्रोफोन कायम चालू असायचा आणि त्यात पडणारा प्रत्येक शब्द माझ्याच हातून जायचा. म्हणून मला त्या खोलीतलं सगळं माहीत आहे. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. पत्र्याच्या डब्यात, अंधारात, पंख्याखाली मी एकटा होतो. तक्रार नाही करत, नुसतं सांगतो.

एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतो. त्यात घाई चालत नाही. ती तिच्या चालीने फिरणार आणि आपण बसून राहणार. तो तास दोघा भावंडांचा असायचा. चहा व्हायचा. छोट्या बिस्किट बुडवायचा, ते कपातच पडायचं, मग ताई म्हणायची, "घोडा झालास तरी बिस्किट खाता येत नाही तुला." तो म्हणायचा, "तू चहा गरम करतेस ना जास्त, बिस्किटाचा काय दोष!" असलं काहीतरी. त्यांचं भांडण माझ्या कानी पडलं की मला फार बरं वाटायचं. मी त्यात नव्हतो, पण जवळ होतो.

मग ग्रंथालयाचं काम आलं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी एकशेवीस कॅसेट आणून दिल्या. चाळीस वर्षांपूर्वी दर शनिवारी सामान्य माणसांना बोलावून त्यांच्या कामाबद्दल बोलतं केलं होतं, त्याचं ते ध्वनिमुद्रण होतं. सुतार, सुईण, पोस्टमन, नावाडी, सगळे त्यात होते. कॅसेट इतक्या जुन्या की एकदा वाजवली की पट्टीवरून भुकटी सुटायची. दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नाही. मुदत अठरा दिवसांची होती.

"हे नीट झालं तर मागे आणखी दोन खोल्या भरून कॅसेट आहेत," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "दोन वर्षांचं काम होईल तुम्हाला."

त्या गेल्यावर ताई त्या कॅसेट पुन्हा पुन्हा मोजत बसली. कारण तिला आणि छोट्याला, दोघांनाही, एक गोष्ट ठाऊक होती. छोट्याला दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं होतं. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. एका माणसाचं पोट भरेल एवढंच काम त्यांच्याकडे होतं. ग्रंथालयाचं काम मिळालं तर छोट्या इथेच राहणार, नाही तर जाणार. शेवटी ताईच म्हणाली, "तू गेलास तर मी कुणावर ओरडू रे?" आणि हसली. ते हसू मी पुढे कितीदा तरी आठवलं.

छोट्याने हिशेब मांडला. कॅसेट वाजायला एक तास. आवाज स्वच्छ करून पक्की फाइल बनवायला मला पन्नास मिनिटं. आणि पक्की फाइल मूळ कच्च्या, म्हणजे कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवलेल्या, फाइलशी जुळते की नाही हे तपासायला वीस मिनिटं. एका वेळी एकच काम करायचं, हा ताईचा नियम, कारण दोन कामं एकदम केली की आवाज अडखळायचा. रोज तेरा तास काम केलं तरी दोन दिवस कमी पडत होते.

"दोन दिवस मागून घेऊ या का?" ताई म्हणाली.

"पहिल्याच मोठ्या कामाला मुदत मागायची? नाक कापून घ्यायचंय का आपलं? तू बघच. आपला गडी पळेल."

आपला गडी म्हणजे मी. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आपलं म्हणालं होतं. मी पाघळलो.

पण मला पळवायचं म्हणजे नुसतं एक बटण दाबून भागत नाही. मी तापणार, म्हणून तांब्याच्या नळ्यांचा मोठा कूलर आला. मी वीज जास्त खाणार, म्हणून नवा पॉवर सप्लाय आला. जुना मदरबोर्ड, म्हणजे मला बसवलेली पाटी, वेग बदलू देत नव्हता, म्हणून तोही नवा आला. ताईची डावीकडची दाढ पडली होती, ती बसवायला ठेवलेले पैसे यात गेले. "उजवीकडून चावते मी, काही अडत नाही," ती म्हणाली. खरं सांगू? त्या सगळ्या पैशांत माझा चार अब्जांवाला भाऊ सरळ विकत आला असता, आणि दाढही बसली असती. पण दुकानात उभं राहून अशी बेरीज कुणी करत नाही. आधी एक वस्तू येते, मग तिच्यासाठी दुसरी येते, आणि मागे फिरायची लाज वाटते.

डब्याचं झाकण निघालं. छोट्याने मला हळूच पुसलं, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली आणि माझा वेग चार अब्ज वीस कोटींवर नेला. काय सांगू तुम्हाला! अंगात वारं शिरल्यासारखं झालं. पन्नास मिनिटांचं काम मी बेचाळीस मिनिटांत केलं. "काय पळतोय गडी!" छोट्या ओरडला आणि टेबलावर थाप मारली. मला त्या थापेसाठी आणखी पळायचं होतं.

असा वेग वाढवला की प्रोसेसरला दिवसभर तरी कामाला जुंपून बघतात, कुठे चुकतो का ते तपासतात. छोट्याने पंधरा मिनिटं बघितलं. पंधरा मिनिटांत काही झालं नाही, म्हणजे काही होणार नाही, असं त्याने ठरवलं. चुकलो तर संगणक बंद पडेल, मग कळेलच, असं त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

दर कॅसेटला आठ मिनिटं वाचत होती. कॅसेट काही माझं ऐकत नव्हती, ती आपली तासभरच घ्यायची. सगळी बेरीज करूनही पाऊण दिवस कमीच पडत होता. नव्वद कॅसेट झाल्यावर छोट्याने ताईला न सांगता जुळवणी बंद केली. डिस्क भरत आली होती, म्हणून कच्च्या फायलीही तो लगेच पुसू लागला. "नव्वदच्या नव्वद जुळल्या आहेत," तो स्वतःशीच म्हणाला. "उरलेल्या तीस काय वेगळ्या असणार?"

त्या दिवसांत चहा होईनासा झाला. एकमेकांवर ओरडणंही बंद झालं. दोघं आळीपाळीने बसायची, एक जेवायला उठला की दुसरी काम करायची.

खोली तापली होती, मीही तापलो होतो, आणि कधीतरी माझ्या हातून चूक झाली. एक लिहायचं होतं तिथे मी शून्य लिहिलं. न जुळवलेल्या त्या तीसांपैकी चार फायलींत असं झालं. मी थांबलो नाही, बंद पडलो नाही, पुढे पळतच राहिलो. मित्रांनो, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दुखलं असतं तर मी विव्हळलो असतो. पण मला काही कळलंच नाही.

अठराव्या दिवशी, दिलेल्या वेळेच्या आधी तासभर, काम पोचलं. त्या संध्याकाळी छोट्याने नोकरीला 'नाही' कळवायचा मजकूर लिहून ठेवला. मीच तो लिहून घेतला. पण अजून पाठवायचा होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"चार फायली मध्येच तुटतात," त्या म्हणाल्या. "अकराव्या मिनिटाला, विसाव्या मिनिटाला... पुढे काहीच नाही. मूळ कॅसेट पुन्हा लावून बघितल्या. दोन तुटल्या, दोन नुसत्या फुसफुसतात."

"कच्च्या फायली आहेत ना रे?" ताई म्हणाली. "छोट्या? आहेत ना?"

 मायक्रोफोनमध्ये फक्त माझाच पंखा वाजत होता.

"त्यातली एक माझ्या सासऱ्यांची होती," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "टाइपरायटर दुरुस्त करायचे ते. मी त्यांना पाहिलेलं नाही. आवाज तरी ऐकू म्हटलं होतं." मग त्या म्हणाल्या, "पण एवढी घाई कशाला केलीत हो? आमची कपाटं अजून रंगवून व्हायची आहेत. आठ दिवस जास्त मागितले असते तर दिले असते मी."

दोन खोल्यांचं काम दुसरीकडे गेलं. छोट्याने लिहिलेला मजकूर माझ्याकडूनच पुसून घेतला आणि 'येतो' असं लिहून पाठवलं. निघताना त्याचं डोकं चौकटीला लागलं, पण ताई काही बोलली नाही. दार लागल्यावर ती टेबलापाशी आली आणि तिने माझा वेग पुन्हा साडेतीनवर आणला. मग ती रडली. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी होती. पण मला फक्त लोकांचे आवाज साठवता येतात, माझा असा आवाज मला नाही.

पुढे सहा वर्षं मी तिचं काम केलं. साडेतीनच्या चालीने, एकही चूक न करता. कॅसेट फिरायची, ताई एकटी बसायची, कप बशीत ठेवल्याचा आवाज यायचा. एकदा तिचंच बिस्किट चहात पडलं. ती हसली आणि मग कप तसाच ठेवून उठली. छोट्याचा फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्याने, मग आठवण झाली की.

शेवटचा मी ऐकलेला फोन असा होता. "ताई, किती जुनं मशीन ते! मी नवं पाठवतो. असलं पळेल ना, बघच."

"पळणारं नको रे," ताई म्हणाली. "तू चार दिवस येऊन जा."

"येतो गं. हे हातातलं काम एकदा उरकू दे. सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही."

त्यानंतर आठवड्याने, भर दुपारी, दारावरची घंटा वाजली. ताईची खुर्ची इतक्या जोरात मागे सरकली की पडलीच. ती धावत दाराशी गेली. "छोट्या? आलास?"

"पार्सल आहे," बाहेरचा माणूस म्हणाला. "सही करा."

त्याच दिवशी माझी वीज गेली, आणि मी या खणात आलो. ताईने मला फेकून दिलं नाही, कापसात गुंडाळून ठेवलं. का, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, यंत्रं पळवूच नका, असं मी म्हणणार नाही. हौस असते, मजाही येते, ती मी स्वतः अनुभवली आहे. पण पळवलंत तर तपासायचा वेळ कापू नका, आणि पैसे घालण्याआधी एक साधी गोष्ट करा. ज्याचं काम आहे त्याला विचारा, दोन दिवस जास्त देता का? बहुतेक लोक देतात. आणि तुमची कुणी ताई कुठे एकटी बसलेली असेल, तर तिला खोकी पाठवू नका. आधी स्वतः जा. खोकं मागाहून आलं तरी चालतं.