दारात उभं राहायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे आणि स्वभावानं संशयी आहे. ज्याला स्वतःच्याच एका पायाचा भरवसा नाही, त्यानं जगावर विश्वास ठेवायचा कसा?

सुतारानं मला दाराच्या उरलेल्या लाकडातून घडवलं. या घरात फळीवरचा डबा काढायचा असो की दिवा बदलायचा, आधी माझी आठवण व्हायची. "स्टूल आहे म्हणून बरं!" आई म्हणायची. मग माझा पाय डुगडुगायला लागला आणि माझी रवानगी दारामागे झाली. कौतुक किती लवकर आटतं, ते तिथं कळलं.

एक दिवस मोबाइल दुरुस्तीला गेला. घरातली पाच वर्षांची भिंगरी आधी रडली, मग जमिनीवर लोळली, मग कंटाळली आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला उलटं केलं, पायांच्या मधोमध बसली आणि ढिला पाय धरून मागेपुढे ओढू लागली. आता मोडतेय, मला वाटलं. पण तो गिअर होता! मी बस झाले होते आणि कपड्यांचे चिमटे प्रवासी.

आई शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालवते. मूल गप्प झालं की तिला शंका येते. मशीन थांबलं.

"अगं, एवढी शांत कशी? काय उद्योग चाललेत?"

"काही नाही."

आणि खरंच काही उरलं नाही. बसचं पुन्हा स्टूल झालं. थोड्या वेळानं पुन्हा मशीन थांबलं. "खायला देऊ का? चित्र काढतेस?" मोडलेला खेळ पुन्हा जुळेना. भिंगरीनं विचारलं, "मोबाइल कधी येणार?"

दुसऱ्या दिवशी बस भरधाव निघाली होती, तोच मशीन थांबलं. या वेळी हाक नाही, पावलंच आली. संपलं, मी मनात म्हटलं. आई दारात, दातात धागा. भिंगरीनं वळूनही पाहिलं नाही.

"दारात उभं राहायचं नाही! आत या, नाहीतर उतरा."

आईनं ओठांवर आलेला प्रश्न गिळला. खच्चून भरलेल्या चिमट्यांकडे पाहिलं.

"उतरते हो," ती हळूच म्हणाली.

"टिंग टिंग!"

शेजारी मशीन पुन्हा सुरू झालं.

आता मोबाइल परत आलाय. फळीवर मुकाट पडून असतो, पण त्याच्या मुकाटपणाचा मला दाट संशय आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांना एवढं सांगा: मूल खेळताना दिसलं तर खुशाल डोकावा, पण वेळेवर उतरा. आणि माझा पाय ठोकून पक्का करायला कोणी आलं, तर आधी भिंगरीला विचारा. गिअरच नसला, तर बस चढ चढणार कशी?