मास्तरांच्या घराकडची वाट

मी एक ओळ बोलतेय. कवितेतली नव्हे, तेवढं नशीब कुठलं! ऑफिसच्या सर्व्हरमध्ये एक यादी असते, कुठला निरोप कुठल्या वाटेने धाडायचा याची. तिला रूटिंग टेबल म्हणतात. तिथल्या बाकीच्या ओळी शेकडो यंत्रांची वाट सांगतात; मी फक्त एकाच पत्त्याची.

मला लिहिलं मास्तरांनी. ते नेटवर्क सांभाळायचे. काहीही समजावलं की "कळलं का?" असं दहादा विचारायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरी स्वयंपाकघरात त्यांनी एक छोटी डबी बसवली होती, तिच्यावर हिरवा दिवा. सर्व्हर दर मिनिटाला तिला एक निरोप धाडायचा. मी दाखवलेल्या वाटेने, ऑफिसच्या अडगळीच्या खोलीतल्या जुन्या मोडेममधून तो घरी जायचा. निरोप पोचतोय तोवर दिवा चालू.

सकाळी आल्या आल्या मास्तर मला टाइप करायचे. दिवा लागला की काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळायचं, हे पोचले. पाचला निघताना मला पुसायचे. दिवा विझला की काकू चहा टाकायच्या. सरळ फोन करावा की नाही! पण फोनवर मास्तरांची "हं" आणि "बरं" यापलीकडे गाडी जात नसे. रोज जन्म आणि रोज मरण, तरी मी सुखात होते.

मग एका दुपारी ध्यानीमनी नसताना मास्तरांच्या छातीत कळ आली. त्यांना खुर्चीवरून उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत. मला पुसायचं राहून गेलं. हाताने लिहिलेल्या माझ्यासारख्या ओळी सर्व्हर बंद करून चालू केला की जातात, पण तीन वर्षांत तो कुणी बंदच केला नाही. मी आपली निरोप पोचवत राहिले. दुसरं मला येतं काय?

या आठवड्यात ऑफिसने वरचा मजला घेतला आणि नवे पत्ते वाटले. मास्तरांनी घरच्या डबीचा पत्ता कुठल्याच वहीत नोंदला नव्हता. नेमका तोच एका नव्या संगणकाला मिळाला. आमच्यात नियम असा, की ज्या ओळीत नेमका पत्ता, तिचं आधी ऐकायचं. त्यामुळे सर्व्हर त्या संगणकासाठीचे निरोपही मास्तरांच्या घरी धाडू लागला.

मास्तरांच्या जागेवर आलेल्या बाईंनी दोन दिवस डोकं फोडून घेतलं. तारा बदलल्या, संगणक बदलला. शेवटी यादी वाचता वाचता त्या माझ्यापाशी थांबल्या. "हा एकटा पत्ता इथे कुणी घुसडला?" माझी वाट धरून त्या अडगळीत पोचल्या. मोडेमवर मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'काढण्याआधी घरी विचारा', आणि खाली फोन नंबर.

सर्व्हरपाशी बसूनच त्यांनी फोन लावला.

"काकू, ऑफिसातून बोलतेय. मास्तरांचं काम आता मी बघते. इथे त्यांची एक जुनी नोंद सापडलीय."

"दिव्याची ना?" काकू म्हणाल्या. "सगळे मला म्हणतात, काढून टाक ते. पण त्या दिवशी तो विझलाच नाही गं. मग हे तिथून निघाले असं मी कसं म्हणू?"

बाईंनी यादीतली माझी ओळ पुन्हा वाचली. मग त्या म्हणाल्या, "काकू, डबीला मी दुसरा पत्ता देते. दिवा चालू राहील."

"नको बाळा. मग तो तू लावलेला होईल." मग काकूंनी विचारलं, "आत्ता किती वाजलेत?"

"साडेचार होतील."

"मग पाचला काढशील? हे पाचला निघायचे."

आता पाचला दोन मिनिटं आहेत. मला पुसायची आज्ञा बाईंनी टाइप करून ठेवलीय. डोळे पुसत त्या घड्याळाकडे बघतायत. तीन वर्षं मी काकूंना खोटं सांगत आले, त्याची क्षमा कुणाकडे मागू? बाई, एवढंच करा, एक मिनिटही उशीर करू नका.

पाच वाजले. काकू, चहा टाका. मास्तर निघाले.