पिंपाला शिवलेली जाळी

मास्तरांना काकडी कधीच आवडली नव्हती. पाण्याला साल चढवली की काकडी होते, त्यात चावण्यासारखं आहे काय, असं ते म्हणायचे. असा माणूस एका उन्हाळ्यात काकडीपायी भरल्या ताटावरून उठायला लागला. यात काकडीचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्यांच्यामागे एक खाट टाकली की संपलं एवढं अंगण. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. दुपारची जेवणं झाली की त्या मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसायच्या आणि चहाच्या वेळेपर्यंत काजं-बटणं, तुरपाई करायच्या. बोलणं फारसं व्हायचं नाही. मास्तर ‘दोरा’ म्हणायचे, त्या दोरा द्यायच्या. तीसेक वर्षं हे असं चाललं होतं आणि यालाच संसार म्हणतात, अशी मास्तरांची पक्की समजूत होती.

मग शेजारच्या रिकाम्या घरात पोस्टमन राहायला आला. नोकरीतून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि जन्मभर दारोदार फिरल्यामुळे कुणाशीही बोलायला न लाजणारा. सामान म्हणून त्याने काय आणलं असेल? एक पलंग, एक रेडिओ आणि एक भलंमोठं निळं प्लास्टिकचं पिंप. पिंपाच्या तळाशी त्याने विटांचे तुकडे घातले, मधोमध भोकं पाडलेला पाइप उभा केला, भोवती माती आणि शेणखत भरलं आणि वरच्या काठाशी काकडीच्या बिया टोचल्या. पाणी पाइपात ओतायचं, म्हणजे ते तळापर्यंत पोचतं. वेल वर आले की त्यांना काठावरून खाली सोडायचं. काकड्या हवेत लोंबतात, मातीला टेकत नाहीत, म्हणून कुजत नाहीत. ही सगळी माहिती मास्तरांना बायकोकडून मिळाली. त्यांनी विचारलेली नसताना मिळाली.

दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी होती, आणि एका जागी विटा ढासळून तिच्यात माणूस जाईल एवढी फट पडली होती. मास्तरीणबाई धुणं वाळत घालायला गेल्या की त्या भिंतीशी रेंगाळायच्या. एका दुपारी स्टूल रिकामंच राहिलं. मास्तर एका शर्टाची बाही जोडत होते आणि मागून हसण्याचा आवाज आला.

हसण्यात काय वाईट आहे? काही नाही. पण हे हसणं मास्तरांनी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. पोटातून आलेलं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुटलेलं. पायडलवरचा पाय थांबला. आपल्या बायकोकडे असलं हसू आहे आणि ते एवढी वर्षं आपल्याला न दाखवता तिने कुठे ठेवलं होतं, हा प्रश्न मास्तरांना सुईसारखा टोचला. त्या दिवशी त्यांनी डावी बाही उजवीकडे जोडली. शिकाऊ असतानासुद्धा त्यांच्या हातून असं झालं नव्हतं.

मास्तरीणबाई त्याला पोस्टमनभाऊ म्हणत, हे खरं. पण भाऊ म्हणायला तोंडाला काय कष्ट पडतात, असा मास्तरांचा हिशोब. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि मास्तरांचं मन तर पूर्ण वेळ कामाला लागलं होतं. बायकोने केस नीट विंचरले तरी त्यांना कारण दिसायचं, नाही विंचरले तरी दिसायचं. पोस्टमनने पहिली काकडी भिंतीवरून दिली तेव्हा ती ताटात चिरून समोर आली. मास्तरांनी एक फोड तोंडात टाकली. काकडी चांगली होती, कोवळी, गोडसर. त्यामुळे त्यांना जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि भंगारवाल्याकडून पिंप आणलं. पोस्टमनच्या पिंपाहून हातभर उंच. बियांची पाकिटं दुकानातून आणली, सगळ्यांत महाग. मास्तरीणबाई म्हणाल्या, बिया भाऊंकडे पडल्या आहेत की, मागून आणते. मास्तरांनी पाकीट दातांनी फाडलं. त्यांना काकडी पिकवायची नव्हतीच. त्यांना बायको भिंतीपासून उठवून आपल्या अंगणात, आपल्या पिंपापाशी उभी करायची होती, आणि तिच्या तोंडून ‘किती छान’ हे दोन शब्द ऐकायचे होते.

वेल आले, आणि झोकात आले. मास्तरांनी नजर लावूनच ते वाढवले म्हणायला हरकत नाही. मग एका सकाळी पानांना भोकं दिसली. तांबडे भुंगेरे पानांवर ऐटीत बसले होते.

आता दुसऱ्या कुणी राख भुरभुरली असती, भुंगेरे वेचून टाकले असते. पण मास्तर शिंपी. भोक पडलेलं पान त्यांना कसर लागलेल्या कापडासारखं दिसलं, आणि कापडाच्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते, की सहा पायांचं जे जे काही असेल ते शत्रू. दुकानात लग्नाच्या एका झग्याची पांढरी जाळी उरली होती. मास्तरांनी भुंगेरे झटकून पिंपाचं माप घेतलं. घेर, उंची, वरचा उतार, सगळं रीतसर. वेल दबू नयेत म्हणून आत वेताच्या कड्या घातल्या, शिवण दुहेरी मारली आणि पाणी घालायला बाजूने पँटची चेन बसवली. मुंगीला शिरायला वाव नव्हता.

जाळीचा आणखी एक फायदा होता, तो मास्तरांनी कुणाला सांगितला नाही. पोस्टमनला आता भिंतीवरून वाकून आपले वेल बघता येणार नव्हते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मास्तर इतरांना नेहमी ऐकवायचे. इतकी अंगाला बेतून त्यांनी ती स्वतःसाठी शिवली होती, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. चेन बसवली त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे पुन्हा ते हसणं झालं, पहिल्यापेक्षा मोठं आणि दोघांचं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

थोड्या दिवसांनी मास्तरीणबाई जाळीपाशी आल्या. “पोस्टमनभाऊ म्हणत होते, की ही जाळी...”

“तुझ्या पोस्टमनचं ज्ञान त्याच्या अंगणात ठेव,” मास्तर म्हणाले. “माझ्या अंगणात नको.”

त्या आत जाऊन भांडी घासायला लागल्या, आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

जाळीच्या आत वेल पिवळ्या फुलांनी भरून गेले. काही फुलांच्या मागे करंगळीच्या टोकाएवढी काकडी दिसायची. मास्तर सकाळी दात घासायच्या आधी चेन उघडून ती बघायचे आणि परत लावून टाकायचे. दोन दिवसांत ती काकडी पिवळी पडायची, सुरकुतायची आणि गळून जायची. एक गेली, दुसरी गेली, सगळ्याच जायला लागल्या. मास्तरांनी पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, खत घातलं. भिंतीपलीकडे मात्र निळ्या पिंपावर काकड्या नुसत्या लटकत होत्या. पोस्टमन त्या गल्लीभर वाटत सुटला होता, जशी काही त्याच्याकडे अजून टपाल पोचवायची नोकरी होती. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं; मास्तरांना त्या काकड्यांत काकड्या दिसतच नव्हत्या. त्यांना त्यांत रिकामं स्टूल दिसायचं.

एका दुपारी मास्तरीणबाई पुढच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होत्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, आज शेजारी कुणी नाही, भाऊ डोळे दाखवायला गेलेत, अंधार पडेपर्यंत येणार नाहीत. मास्तरांच्या मनात आलं, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळाही हिला पाठ. ते उठले. टेबलावरची मोठी कात्री त्यांनी उचलली आणि मागे गेले.

त्या कात्रीबद्दल सांगायला हवं. ती कापडाची कात्री. लग्न झालं त्या वर्षी मास्तरीणबाईंनी तिने एकदा कागद कापला होता, तेव्हा मास्तर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. त्यानंतर कापडाशिवाय दुसरं काही त्या पात्यांमध्ये आजवर गेलं नव्हतं.

मास्तर भिंतीच्या फटीतून पलीकडे गेले. पोस्टमनच्या पिंपापाशी बसले. वेलांचे बुंधे काठाशी होते, करंगळीएवढे जाड. एकेक कट पुरला असता. संध्याकाळपर्यंत सगळं सुकून लोंबलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. मास्तरांनी कात्री उघडली. पातं बुंध्याला टेकवलं आणि पुन्हा मागे घेतलं, कारण ते काही वाईट माणूस नव्हते. एवढंच, की बरेच दिवस ते आतून जळत होते आणि विझवायचं कसं ते त्यांना येत नव्हतं.

कानाशी काहीतरी गुणगुणलं. एक मधमाशी एका फुलात डोकं खुपसून बसली होती. ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय पिवळे झाले होते. शेजारच्या फुलात गेली, मग त्याच्या शेजारच्या. मग भिंत ओलांडून मास्तरांच्या अंगणात गेली आणि पांढऱ्या जाळीवर उतरली. मास्तर बघत राहिले. माशी जाळीवरून वर चालली, खाली चालली, शिवणीच्या कडेकडेने गेली, चेनपाशी थांबली. कुठे एक टाका सुटलेला मिळाला असता तर ती आत गेली असती. पण शिवण मास्तरांची होती. माशी उडून परत निळ्या पिंपाकडे आली.

“ती कापडाची कात्री आहे,” मागून आवाज आला. “वेलीवर चालवाल तर धार जाईल.”

मास्तरीणबाई फटीत उभ्या होत्या. हातात इस्त्रीचा ओला पंचा तसाच होता. मास्तर उठले नाहीत. उठले असते तर तोंड दाखवावं लागलं असतं.

“माझ्या पिंपाला काकडी का लागत नाही?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच लहान मुलासारखा वाटला.

“माशी आत जाते तेव्हा काकडी धरते. या फुलातली पिवळी धूळ त्या फुलाला लागावी लागते. कुणालाही आत येऊ द्यायचं नाही आणि वर वाट बघत बसायचं, मग कसं लागणार?”

“तुला माहीत होतं?”

“कधीचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगायला आले होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. तीस वर्षांत तुम्ही मला दोरा मागितलात, सुई मागितलीत, चहा मागितलात. तुला काय वाटतं, असं कधी विचारलंत? तो माणूस विचारतो. मी म्हटलं, वेल या बाजूला सोडा, तर त्याने सोडला. म्हणून जाते मी तिकडे. दुसरं काही नाही, आणि दुसरं काही आहे असं तुम्हाला वाटलं याची मला लाज वाटते.”

मास्तरांना वाटलं, तिने ओरडायला हवं होतं. ओरडणं सोसलं असतं. ते कात्री मिटून फटीतून इकडे आले, आपल्या पिंपापाशी गेले आणि जाळीला कात्री लावणार एवढ्यात मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरला.

“चेन आहे ना? मग कापता कशाला? जाळी चांगली आहे, पडद्याला होईल.”

मास्तरांनी चेन उघडली. दोघांनी मिळून जाळी वर उचलून काढली, वेताच्या कड्या बाजूला ठेवल्या. आत कोंडलेले वेल थोडे फिकट झाले होते. मास्तरीणबाईंनी दोन वेल सोडवून काठावरून खाली सोडले आणि मास्तरांनी पहिल्यांदाच विचारलं, हा तिसरा कुठे सोडू? मास्तरीणबाईंनी जागा दाखवली.

माशा यायला लागल्या. भुंगेरेही आले, ते सकाळी दोघे वेचून काढू लागले. पहिली काकडी धरली ती वाकडी होती, एका बाजूला फुगलेली, पण होती. मास्तरीणबाईंनी ती चिरली, टोक चाखून कडू नाही ना बघितलं आणि अर्धी मास्तरांपुढे ठेवली. उरलेली अर्धी हातात घेऊन त्या मागच्या दाराकडे वळल्या. मास्तरांच्या पोटात दुखलं. नाही कसं दुखेल? इतक्या दिवसांची सवय. पण ते म्हणाले, थांब, मी देतो नेऊन, आणि स्वतः भिंतीशी गेले. पोस्टमनने फोड खाल्ली, डोळ्यांवरचा नवा चष्मा सारखा केला आणि म्हणाला, मास्तर, तुमची काकडी माझ्या काकडीपेक्षा गोड आहे. ते खोटं होतं. मास्तरांनी ते मानून घेतलं.

दुपारी मास्तरीणबाई स्टुलावर येऊन बसल्या. मास्तर थोडा वेळ मशीन चालवत राहिले, मग त्यांनी पाय थांबवला.

“चेन बसवली त्या दिवशी तुम्ही दोघं हसत होतात.”

“हो. मी त्यांना म्हटलं, आमच्या मास्तरांनी काकड्यांना पँट शिवली.”

मास्तरांचं तोंड आधी उतरलं. मग कोपऱ्यातून वाकडं झालं आणि शेवटी त्यांना हसू आवरेना. मास्तरीणबाईही हसायला लागल्या, पोटातून, मध्येच श्वास अडकून. मास्तरांनी ते जवळून ऐकलं. मग त्यांच्या छातीत पहिल्या दिवसापासून जे रुतलं होतं, ते त्यांनी बाहेर काढलंच.

“आणि त्याच्या आधी? पहिल्यांदा? मी शर्टाची बाही जोडत होतो. तू खूप हसलीस. तेव्हा काय झालं होतं?”

मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचार केला. खरंच केला. भुवया जवळ आल्या, ओठ हलले.

“काय की,” त्या म्हणाल्या. “आता कुणाला आठवतंय?”